अकरावीला मानसशास्त्र, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला अकरावी आर्ट्सला मानसशास्त्र शिकवते, पहिलंच वर्ष. मुलं विचारतात, मॅडम तुम्हाला आमच्या मनातलं कळतं का? आणि रील्स बघून एकमेकांना ओसीडी, डिप्रेशन असं काहीही चिकटवतात. व्याख्या लिहून देऊन उपयोग होत नाहीये. काय करू?

उत्तर : मॅडम, व्याख्या राहू द्या सध्या. वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८७९ला लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली हेही नंतर सांगितलं तरी चालेल. पहिल्या तासाला फक्त एक यादी सावकाश वाचा: उशी, गादी, पांघरूण, रात्र, स्वप्न, जांभई, डुलकी, घोरणं, अंथरूण, अंगाई, थकवा, आराम. वाचताना कुणी लिहायचं नाही. मग दोनेक मिनिटं पाढे म्हणून घ्या आणि मग आठवेल ते वहीत लिहायला सांगा. बरीच मुलं 'झोप' लिहितात आणि वर शपथेवर सांगतात की तुम्ही वाचलंत, आणि तो शब्द यादीत नाहीच! रोडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांनी १९९५मध्ये अशाच याद्या वापरून हे दाखवलं, सगळे शब्द ज्या एका शब्दाच्या आसपासचे असतात तो मनात आपोआप येतो आणि नंतर तो ऐकला होता की नुसता सुचला होता हे आपल्यालाच सांगता येत नाही.

इथे अजिबात घाई करू नका, पोर्शन मागे राहिला तरी चालेल. हे प्रत्येक यादीला होईल का, कॉमर्सच्या मुलांवर करून बघू का, पाढे न म्हणता लगेच लिहिलं तर, हे प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. मनातलं ओळखणं वेगळं आणि तपासून बघणं वेगळं हे मग सांगावं लागत नाही, आणि माझ्या मते अकरावीला एवढं जमलं तरी खूप झालं.

लेबलांचं मात्र स्पष्ट बोला. वही नीट ठेवणं म्हणजे ओसीडी नाही, नको ते विचार परत परत येणं, त्या भीतीने तेच तेच करत राहणं आणि त्यात रोजचं जगणं अडणं म्हणजे ओसीडी. डिप्रेशनचं निदान करतानासुद्धा किमान दोन आठवडे टिकलेली लक्षणं बघतात, आणि ते काम डॉक्टरांचं, आपलं नाही. वर्गात कुणालाही घरचं दुःख उदाहरण म्हणून सांगायला लावू नका प्लीज. एखादं मूल तासानंतर येऊन थांबलंच तर शांतपणे ऐका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेला ठेवा, फोन फुकट लागतो, रात्री पण.