मुलगा नातेवाइकांकडे यायलाच तयार नाही
दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आईवडील हा प्रश्न घेऊन हमखास येतात, पोरगं आता कुणाकडे यायचंच नाही म्हणतं, माणूसघाणं झालंय का, मोबाईलनं वाया गेलंय का. गंगापूर रोडच्या एक ताई अशाच आल्या होत्या, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलून सांगते. भाऊबीजेला गाडी काढून संभाजीनगरला आत्याकडे जायचं आणि येताना वेरूळ करायचं असा बेत, आणि नववीतला मुलगा म्हणतो तुम्ही जा, मी घरी मॅगी करून खाईन. बाबांचा आवाज चढला, मुलाने दार आपटलं, घरात अबोला.

मुलाशी एकट्याशी बोलले. आधी नुसतं "बोअर होतं". मग म्हटलं, नाशिकहून निघाल्यापासून नेमकं कुठे नकोसं होतं ते सांग बरं. तर येवला, वैजापूर, गाडी, काहीच प्रॉब्लेम नाही, वेरूळ तर त्याला बघायचंच होतं. नको होता तो आत्याचा हॉल. सगळे सोफ्यावर, चहा आलाय, आणि "काय रे, किती पडले?" हा तोंड उघडायच्या आत बाबाच सांगणार, "गणितात बोंब आहे, जरा दादाकडून शीक म्हणावं." दादा म्हणजे आत्याचा मुलगा, इंजिनिअरिंगला. हा खाली मान घालून डिशमधला लाडू कुस्करत बसतो.

मला कळकळीने सांगायचंय, अशा मुलांना नाती नको नसतात, चारचौघांत मापं काढलेली नको असतात. (मित्रही तोडलेत, झोप-जेवण बिघडलंय असं असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.)

बाबांना वेगळं बोलावलं. ते म्हणाले, दाजी विचारणारच हो. विचारू दे ना, उत्तर तुम्ही द्या, आणि ते मुलाच्या बाजूचं द्या. मग बेतच फिरवला, आधी वेरूळ, नंतर आत्याकडे एकच मुक्काम. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढा वार बघून घ्या. गाडीत मोबाईल चालेल, जेवताना नाही, हे मुलाने स्वतः कबूल केलं, आणि नको झालं की गच्चीवर जायची मुभा, तिथे कुणी हाका मारायच्या नाहीत.

परत आल्यावर ताई भरभरून बोलत होत्या. सोळा नंबरच्या कैलास लेण्यात मुलगा किती तरी वेळ हललाच नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे अख्खं देऊळ एकाच खडकात वरून खाली कोरत आणलेलं, आणि हा माइनक्राफ्ट नावाच्या गेममध्ये दिवसरात्र खोदकाम करणारा मुलगा, धाकट्या बहिणीला समजावत होता, "इथं अनडू नाही गं, छिन्नी चुकली की गेलं."

आत्याकडे मार्कांचा विषय निघालाच. बाबा म्हणाले, "दाजी, मार्क राहू द्या, कैलास कसं कोरलंय ते विचारा त्याला." थोडा वेळ सगळेच अवघडले, मग दादाच सरकून जवळ बसला आणि दोघं त्यावरून बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र पाहुणे वाढले तसा तो गच्चीवर जाऊन बसला, ताईंना वाटलं झालं, सगळं फिसकटलं. मी म्हटलं अहो नाही, ठरलं होतं तसंच तर वागला. आता उन्हाळ्यात मामाकडे लग्न आहे, तिथे माणसं याच्या कितीतरी पट, त्यामुळे कुणी काय विचारलं तर कोण बोलणार हे ते निघायच्या आधी घरीच ठरवणार आहेत, मुलाला सोबत घेऊन.