दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कला स्वतः गाडी चालवत सफारी करायला फोर बाय फोर लागते का?

नाही लागत, साधी भाड्याची कार पुरते. आम्ही तशाच गाडीने फिरलो, स्कुकुझा ते लोअर साबी या पार्कमधल्या मुक्कामाच्या कॅम्पांमधला रस्ता चक्क डांबरी आहे आणि कच्चे रस्तेही बहुतेक ठीकठाक, शिवाय तिकडे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात त्यामुळे टेन्शन नाही. फक्त एवढं सांभाळा:

- डांबरीवर ५०, कच्च्यावर ४० ची लिमिट
- कॅम्प सोडून मध्येच खाली उतरायचं नाही (हत्ती आडवा आला की गुपचूप रिव्हर्स!)
- गेट बंद व्हायच्या आत कॅम्पवर, वेळ महिन्यानुसार बदलते

पण डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर पावसाने काही कच्चे रस्ते बंद असतात, गवत वाढल्याने प्राणी कमी दिसतात आणि मलेरियाचा धोकाही जास्त, तेव्हा डॉक्टरला विचारून गोळ्या घ्या.