सांधा निसटलेला नाही, ताई

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे. सात महिन्यांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झाली. तेव्हापासून कंबरेखाली उजवीकडे दुखतं. जिना चढताना, रात्री कूस बदलताना कळ येते. एक्स-रे नॉर्मल आहे. ओळखीतल्या एकांनी झोपवून टाचा जुळवून दाखवल्या. उजवा पाय अर्धा बोट आखूड दिसला. ‘पेल्व्हिसचा सांधा निसटलाय’ म्हणाले. ते दर आठवड्याला तो बसवून देतात, कट्ट आवाज येतो, दोन दिवस बरं वाटतं, मग येरे माझ्या मागल्या. हा सांधा असा किती वेळा निसटणार? सासूबाई म्हणतात, बाळंतपणात पोट नीट बांधलं नाही म्हणून झालं. बाळाला उचलू की नको?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी दुखतं तिथे एकच बोट ठेवा. पाठीच्या खालच्या टोकाला दोन खळ्या दिसतात. बोट उजव्या खळीच्या जरा खाली, आतल्या बाजूला पडलं, तर संशय योग्य सांध्यावर आहे. पण तो निसटलेला नाही.

ओपीडीत आम्ही त्याला एसआय जॉइंट म्हणतो, म्हणजे सेक्रोइलियाक. कण्याच्या खाली पाच मणके एकजीव होऊन त्रिकास्थी बनतं आणि ते दोन बाजूंच्या पसरट हाडांमध्ये बसतं, ही सगळी चौकट म्हणजे पेल्व्हिस. वर रुंद, खाली निमुळतं. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीसारखं, वरून भार आला की आणखी घट्ट होणारं. सांध्याचे पृष्ठभागही सपाट नसतात, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो. शिवाय मागून अस्थिबंधांचा, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या लिगामेंट्सचा, जाड थर, शरीरातल्या सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी एक. हा सांधा खरोखर उखडायला मोठा अपघात किंवा उंचावरून पडणं लागतं. पाळण्यातून बाळ उचलताना तसं होत नाही.

मग तो हलतो किती? स्वीडनमध्ये हाडांत धातूचे बारीक मणी बसवून एक्स-रेवर मोजमाप केलं गेलं. १९८९ साली ते प्रसिद्ध झालं : सरासरी अडीच अंशांचं फिरणं, आणि सरकणं एक मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढी हालचाल कातडी आणि चरबीवरून बोटांनी कळते असं कुणी म्हणालं, की पेशंटसमोर मी गप्प बसते. इथे मात्र लिहिते. १९९८ मध्ये त्याच पद्धतीने सांधा ‘बसवण्या’च्या आधी आणि नंतर मोजलं गेलं. तपासणाऱ्यांच्या हाताला फरक जाणवला होता. हाडं जिथल्या तिथे होती.

मग दोन दिवस बरं कसं वाटतं? झटक्याने आखडलेले स्नायू सैलावतात, वेदनेचे संदेश थोडा काळ मंदावतात. आराम खरा आहे, त्याचं सांगितलेलं कारण खोटं. मला राग फीचा येत नाही. ‘माझं हाड जागेवर नाही’ ही धास्ती एकदा बसली की बाई वाकणं सोडते, उचलणं सोडते, आणि ज्या स्नायूंनी सांधा धरायचा तेच ढिले पडतात. पाय आखूड असण्याचं म्हणाल, तर अशा टाचा जुळवून अर्धा बोट फरक निम्म्या गावात निघेल.

गरोदरपणात अस्थिबंध सैलावतात हे खरं, पण त्याचा दोष ज्याला देतात ते रिलॅक्सिन हे हार्मोन प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत उतरतं. सांधा हाडांच्या आकारावर आणि स्नायूंच्या पकडीवर टिकतो. आकार शाबूत आहे. पकड कमी पडते का, ते घरीच पाहा. उताणं झोपून उजवा पाय सरळ ठेवून वीतभर उचला. जड वाटला, तर घरातल्या कुणाला तरी कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंनी आत दाबून धरायला सांगा आणि पुन्हा उचला. हलका झाला, तर जे काम आत्ता दुसऱ्याचे हात करताहेत ते नितंबाच्या, पोटाच्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना शिकवायचंय.

सासूबाईंची बांधायची कल्पना वाईट नाही, जागा चुकते. पोटावर गुंडाळलेलं लुगडं या सांध्याला धरत नाही. पट्टा बराच खाली, मांडीच्या हाडाचा उंचवटा बाहेरून हाताला लागतो त्याच्या लगेच वर बांधा. फक्त उभं असताना आणि चालताना, तेही काही आठवडेच.

गुडघे मुडपून उताणं झोपा, गुडघ्यांत उशी दाबून कंबर उचला. जमू लागलं की खुर्चीतून हात न टेकता उठणं, मग एक पायरी चढ-उतार. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर संख्या कमी करा, बंद करू नका. तोवर कूस बदलताना गुडघे जुळवूनच वळा, आणि सलवार एका पायावर उभं राहून न घालता पलंगावर बसून घाला.

सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपण, हिंडल्यावर कमी आणि पडून राहिल्यावर जास्त दुखणं, पहाटेपूर्वी दुखून जाग येणं, असं असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. ती सांध्याची सूज असू शकते आणि सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

बाळाला जरूर उचला. व्यायामात वजन हळूहळू वाढवावं लागतं, ते काम बाळ आपणहून करील. फक्त सदा एकाच कडेवर नको. छातीशी धरा, कड बदलत राहा, आणि जिना चढताना निदान या महिन्यात बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या.