केमो चालू असताना सही नको

"मॅडम, कॅन्सर झाला म्हणून नवरा सोडचिठ्ठी देऊ शकतो का?"

स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बायकांसोबत समुपदेशक म्हणून काम करायला लागल्यापासून हा प्रश्न मी खेड्यातल्या आजींकडून ऐकला, आयटीतल्या मुलींकडून ऐकला, एकदा तर एका वकीलबाईंकडूनच ऐकला. कायदा माहीत असूनही त्या विचारत होत्या. त्यावरून एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, की हा प्रश्न वरून कायद्याचा दिसतो, पण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो.

कायद्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, देऊ शकत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 मधल्या कलम 13 मध्ये घटस्फोटाची कारणं दिली आहेत: व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. त्या यादीत कुष्ठरोग होता, तो 2019 मध्ये काढला गेला. कॅन्सर त्या यादीत कधीच नव्हता. "लपवून लग्न केलं" असा आरोपही लग्नानंतर अनेक वर्षांनी उद्भवलेल्या आजाराला लागू होत नाही.

हे ऐकून बायका हुश्श करतात. मी करत नाही. कारण माझ्या अनुभवात नवरा उठून कोर्टात गेला असं क्वचित घडतं. घडतं ते वेगळंच. घरात एक दिवस 'परस्पर संमतीचा' कागद येतो.

मंगलताई (नाव बदललं आहे) माझ्याकडे आल्या त्या असा कागद पिशवीत घेऊनच. वय चाळिशीच्या पुढे, भोसरीत भाड्याचं घर, नवरा कंपनीत सुपरवायझर, मुलगा आठवीत. घरीच ब्लाउज शिवायच्या. डावा स्तन काढला होता, लाल सलाईनच्या केमो संपून पुढच्या सुरू झाल्या होत्या, रेडिएशन बाकी होतं. पहिल्या दोन भेटींत त्यांनी कागदाचा उल्लेखही केला नाही. झोप लागत नाही, तोंडाला चव नाही, दूध गॅसवर ठेवलं की विसरते, एवढंच. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "मी सही करून टाकते. त्यांना मोकळं करते."

"ते म्हणाले मोकळं कर?"

"ते काही बोलत नाहीत. सासूबाई आणि दीर बोलतात. पण खरं सांगू का, मलाच वाटतं. आता मी कुठली पूर्ण बाई राहिले?"

पोटातला प्रश्न हा. 'नवरा सोडेल का' या भीतीच्या तळाशी बहुतेक वेळा 'मी सोडण्याच्याच लायकीची झाले' हा निवाडा असतो, आणि तो बाईनं स्वतःच, कुणाची बाजू न ऐकता, देऊन टाकलेला असतो. मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं चालणारी. घटना आपल्याला जेवढं पाडते त्याहून जास्त आपण तिला लावलेला अर्थ पाडतो, यावर माझा अनेक वर्षांचा विश्वास आहे. शस्त्रक्रिया ही घटना. 'अपूर्ण बाई' हा अर्थ. पण केमोनंतर गळून बसलेल्या बाईला हे व्याख्यान द्यायचं नसतं. मी म्हटलं, "कागद दाखवा."

टाइप केलेला मसुदा होता. 'उभयता गेल्या एक वर्षापासून विभक्त राहत आहेत.' या बाई त्याच घरात राहत होत्या, सकाळी नवऱ्याचा डबाही भरत होत्या. पुढे: एकरकमी सहा लाख रुपये, त्यानंतर पोटगीचा कोणताही हक्क नाही.

"हे सहा लाख कशाचे?"

"उरलेल्या उपचाराचे. दीर म्हणाले, सही झाली की लगेच पहिला हप्ता."

"आणि सही नाही केली तर?"

त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मग पुढची केमो कशी व्हायची?"

इथे मी त्यांना सुप्रीम कोर्टाचं एक प्रकरण सांगितलं, तुम्हालाही सांगते. डिसेंबर 2015 मधलं. बायकोला स्तनाचा कॅन्सर झालेला, नवरा-बायकोत साडेबारा लाखांवर समझोता झालेला, दोघं परस्पर संमतीनं घटस्फोट मागत होते. कोर्टानं तो तेव्हा दिला नाही. आजारी बायकोची काळजी घेणं हे नवऱ्याचं मुळातच कर्तव्य आहे, त्यामुळे त्यासाठीचे पैसे हा संमतीचा मोबदला होऊ शकत नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. उपचाराला पैसे हवेत म्हणून ती तयार झाली असावी, ही शंकाही त्यांनी बोलून दाखवली. पाच लाख उपचारासाठी लगेच द्यायला लावले आणि घटस्फोटाचा विचार ती बरी झाल्यावर करू, असं सांगितलं. जे देणं आधीपासूनच लागतं, ते सौद्यात घालून पुन्हा विकता येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण घाबरलेल्या घरात ती कुणालाच दिसत नाही.

मंगलताईंनी ऐकलं, मान डोलावली, आणि म्हणाल्या, "ते कोर्टाचं झालं. माझ्या मनानं ठरवलंय."

माहिती दिली की माणूस बदलतो असं समजणाऱ्या नवीन समुपदेशकांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या ब्लाउजकडे गेलं. डाव्या बाजूला आतून मऊ सुती कापडाचा कप्पा शिवलेला होता, शिवण इतकी बारीक की सांगितल्याशिवाय कळू नये. विचारल्यावर खुलल्या. कापूस भरला तर हलका पडतो आणि एक खांदा वर चढतो, म्हणून आत थोडी मोहरी घातली. दोन वेळा कमी-जास्त करून वजन बरोबर आणलं. केमोच्या डे-केअर वॉर्डातल्या दोघींना तसेच कप्पे शिवूनही दिले होते. दहा मिनिटं त्या फक्त शिवणावर बोलत होत्या, आवाजातली मरगळ कुठल्या कुठे गेलेली.

मी विचारलं, "मंगलताई, बाळंतीण माप द्यायला आली तर घेता?"

"छे! परत पाठवते. बारशाला घालायचाय म्हणून हट्ट करतात. मी म्हणते, अंग उतरू दे, बसू दे, मग ये. आत्ताच्या मापाचा शिवला तर चार महिन्यांत पोत्यासारखा लोंबेल, आणि कापलेलं कापड काही परत..."

वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. मीही काही बोलले नाही. समोरच्याचं वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्यावं, हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि त्या दिवशी ते मला जमलं याचा मला आजही आनंद होतो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "माझं अंग अजून बसलं नाही, मॅडम."

"नाही बसलं."

"मग आत्ता सही नको."

मी त्यांना 'लग्न टिकवा' म्हटलं नाही, कधीच म्हणत नाही. केमोच्या काळात झोप उडालेली असते, स्टिरॉइडमुळे चेहरा सुजलेला, आठवण दगा देत असते, हातात पैसा नसतो. तेव्हा स्वतःबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष कच्चा असतो. निर्णय पुढे ढकलणं हाही निर्णयच, आणि पुष्कळदा तो सगळ्यात शहाणपणाचा असतो.

आता कामाच्या गोष्टी. कुणी आधीच सही केली असेल तर घाबरू नका. परस्पर संमतीच्या अर्जात अंतिम हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच स्पष्ट केलंय. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क त्यात आहे आणि औषधोपचाराचा खर्चही त्याखाली मागता येतो. पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125 कलम होतं, 1 जुलै 2024 पासून ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन 15100. आणि मूल? आईला कॅन्सर आहे एवढ्यावरून ताबा जात नाही, कोर्ट मुलाचं हित बघतं.

एक गोष्ट वकीलही सांगायला विसरतात. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुमचं नाव 'पत्नी' म्हणून आहे. घटस्फोट झाला की ते नाव जातं. मंगलताईंच्या बाबतीत त्या वर्षाचं कव्हर संपत आलं होतं आणि एप्रिलमध्ये नवं सुरू होणार होतं, म्हणजे मार्चमध्ये सही होऊन नव्या कव्हरमध्ये त्यांचं नाव घातलंच गेलं नसतं, तर रेडिएशनचा खर्च त्या सहा लाखांतूनच गेला असता. हे दिरांच्या लक्षात आलेलं नव्हतं असं मी धरून चालते. धरून चालावं लागतं.

नवऱ्याला मी बोलावलं. आला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. मला वाटलं होतं त्यापेक्षा साधा आणि जास्त घाबरलेला. "खर्चाचा आकडा कुठे थांबणार हेच कळत नाही. भाऊ म्हणाला, सहा लाखांवर बांध घाल." त्याला बायको नकोशी नव्हती, न थांबणारा आकडा नकोसा होता. एप्रिलच्या कव्हरचं सांगितलं तेव्हा त्यानं मोबाइलमध्ये तारीख टिपून घेतली. पुढच्या केमोला तोच सोबत गेला.

बायका फॉरवर्ड घेऊन येतात, 'बायको आजारी पडली की नवरे सोडतात'. मूळ अभ्यास खरा आहे. अमेरिकेत गंभीर आजाराच्या 515 रुग्णांवर तो झाला, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण बाई असेल तर 20.8 टक्के जोडपी विभक्त झाली, पुरुष असेल तर 2.9 टक्के. पण 2015 मधला असाच दुसरा गाजलेला निबंध मागे घ्यावा लागला, कारण पाहणीतून गळालेली जोडपी चुकून घटस्फोटित म्हणून मोजली गेली होती. ती दुरुस्ती फॉरवर्ड होत नाही. डेन्मार्कच्या 2007 मधल्या मोठ्या अभ्यासात तर गर्भाशयमुखाचा कॅन्सर सोडला तर घटस्फोटाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आणि पहिला आकडा घेतला, तरी दर पाचांतल्या जवळपास चार बायकांचा संसार टिकलाच होता. तुमच्या घराचं भविष्य कुठल्याही टक्केवारीत लिहिलेलं नाही.

मंगलताईंचे उपचार पूर्ण झाले, आता रोजची हार्मोनची गोळी चालू आहे. संसार मात्र टिकला नाही. वर्ष-दीड वर्षानं त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "आता अंग बसलं. आता वेगळं व्हायचंय, आणि हे मी म्हणतेय." वाचून काहींची निराशा होईल. माझी झाली नाही.

या वेळचा मसुदा त्यांनी विधी सेवेच्या वकिलासोबत स्वतः बसून केला. वेगळ्या राहायला लागून खरोखर वर्ष झालं होतं. रक्कम वाढवून घेतली, मुलाच्या शिक्षणाचं कलम वेगळं केलं, मेडिक्लेममधून नाव जाणार म्हणून त्याच्या बदल्यात दरमहा ठरावीक रक्कम लावली. शेवटी पेनानं एक ओळ घालून घेतली, ती मला वाचून दाखवली: उजव्या बाजूची दर वर्षीची मॅमोग्राफी, तपासण्या आणि गोळ्या यांचा खर्च नवऱ्याकडे, आणि तो एकरकमी रकमेतून वळता करायचा नाही.