‘ज्याची त्याची आवड’ म्हटलं की विषय संपतो का?

तुम्ही विचारलंय की बीएला तत्त्वज्ञान घेतलंय, सौंदर्यशास्त्राचा पेपर आहे, पण घरी सगळे म्हणतात, ‘सौंदर्य म्हणजे ज्याची त्याची आवड, त्यात शिकायचं काय?’ आणि सुरुवात कुठून करावी तेही कळत नाहीये.

घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका. या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी फुकटात हातात दिलाय. फक्त तिथेच थांबू नका.

‘मला बोंबील आवडतात’ म्हटलंत, तर समोरचा फार तर ‘मला नाही बुवा’ म्हणेल. वाद घालायला काही उरतच नाही. (रवा लावायचा की तांदळाचं पीठ, यावर घरं दुभंगतात, पण तो वेगळा विषय.) आता गणपतीच्या आधीच्या दिवसांत लालबाग-परळच्या एखाद्या मूर्तींच्या कारखान्यात जाऊन उभे राहा. रंगकाम उरकलेलं असतं, आखणी चाललेली असते. बारीक ब्रशने भुवई, पापणीची कड, बुबुळ आणि शेवटी बुबुळातला पांढरा ठिपका. बघणाऱ्यांतला एक म्हणतो, ‘डोळे बोलतायत.’ दुसरा म्हणतो, ‘छे, नजर वर गेलीय. समोर बसलेल्याकडे बघतच नाहीये.’ आणि पहिला परत निरखून बघतो! बोंबलाच्या बाबतीत असं कधी होत नाही. इथे कारण दिलं जातं, ते मूर्तीकडे बोट दाखवून दिलं जातं, आणि ऐकणाऱ्याचं मत त्याने बदलू शकतं.

मात्र सिद्धता कुणीच देऊ शकत नाही. ठिपका इतक्या मापाचा आणि अमुक जागी असला की डोळे जिवंत वाटतीलच, असा नियम आखणी करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. फ्रँक सिब्ली या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५९च्या एका लेखात नेमकं हेच मांडलं : ‘डौलदार’, ‘नाजूक’, ‘निर्जीव’ हे गुण रंगरेषांवरच अवलंबून असतात, पण रंगरेषांचं कितीही वर्णन केलं तरी त्यातून ते तर्काने काढता येत नाहीत. ते दिसावे लागतात.

म्हणजे ‘हे सुंदर आहे’ हे विधान धड वस्तुस्थितीचं नाही आणि धड खाजगी आवडीचंही नाही. या विचित्र विधानाची तपासणी म्हणजे सौंदर्यशास्त्र. कशाला सुंदर म्हणावं याची यादी ते देत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९०च्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ या ग्रंथात हा पेच सगळ्यात नेटका पकडला. सौंदर्याचा निर्णय माझ्या आनंदावर उभा असतो, तरीही इतरांनी त्याला दुजोरा द्यावा अशी माझी अपेक्षा असते. ही अपेक्षा मी कोणत्या हक्काने करतो? कांटचं उत्तर असं की हा आनंद निर्हेतुक असतो. ती वस्तू मला मिळावी, तिचा मला उपयोग व्हावा, असं काही त्यात नसतं. मरीन ड्राइव्हवरच्या इमारतीची गोलाई बघताना तिथल्या फ्लॅटचा भाव डोक्यात आला, की तुम्ही दुसऱ्याच कामाला लागलात.

इथवर पटतं. पुढे मला खटकतं. लोअर परळला मॉलच्या आवारात गिरणीची चिमणी उभी आहे. फोटो काढणाऱ्याला आभाळावर चढलेली एक सरळ रेषा दिसते, विटांचा रंग दिसतो. १९८२च्या संपात ज्याच्या घरची चूल विझली, त्याला ती रेषा तशी दिसेल? काश्मीरच्या अभिनवगुप्त या रससिद्धांताच्या भाष्यकाराने हजारेक वर्षांपूर्वी रसास्वादातली सात विघ्नं सांगितली, त्यात स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेलं असणं हे एक आहे. नाटकातला शोक आपल्याला नकोसा न होता आस्वाद्य का होतो, तर तो ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही, त्याचं साधारणीकरण होतं. करुण रसाचं यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला तरी माहीत नाही. पण ते जसंच्या तसं चिमणीला लावलं, तर गिरणी कामगाराची आठवण हे विघ्न ठरेल, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही तो उत्तम रसिक! माझ्या मते त्या कामगाराला चिमणीत जास्त दिसतं. त्याला ‘सौंदर्यानुभव’ म्हणायचं की नाही, यावर तुमच्या वर्गात भांडण व्हायला हवं.

मराठीत हे भांडण चांगलं झालेलं आहे, आणि बरंचसं मुंबईत. कवी-समीक्षक बा. सी. मर्ढेकर एका टोकाला. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या नियमांनी झालेली संवेदनांची रचना म्हणजे सौंदर्य, बाकीच्या व्यावहारिक मूल्यांचा तिथे संबंध नाही. इतकं कडक मत मला झेपत नाही, पण त्यांच्यामुळे मराठी समीक्षेला काटेकोर बोलायची सवय लागली. मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या रा. भा. पाटणकरांनी १९७४च्या ‘सौंदर्यमीमांसा’त वेगळी वाट धरली. कलेची संकल्पनाच द्विध्रुवात्मक आहे, एक ध्रुव लौकिकतावादी, म्हणजे कलेला रोजच्या जगण्याशी जोडणारा, दुसरा अलौकिकतावादी, म्हणजे तिला त्यापासून वेगळी मानणारा, आणि एकाला हाकलून दुसऱ्यावर कलेचं सगळं क्षेत्र उभं राहत नाही. चिमणीचा गुंता सोडवताना मला हेच सगळ्यात कामाला येतं.

आता सुरुवात. प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटलपासून क्रमाने येऊ नका, दमाल. आधी स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचा १७५७चा अभिरुचीवरचा निबंध वाचा. छोटा आहे, आणि तो घरच्यांच्या मुद्द्यापासूनच निघतो. त्यात दोन दर्दी वाइन चाखतात. एकाला चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची, आणि दोघांचीही टर उडवली जाते. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. वाचताना स्वतःला विचारा, चित्राच्या बाबतीत ही किल्ली कुठे सापडणार? ह्यूमला स्वतःलाही हा प्रश्न पुरता सुटलेला नाही, असं मला वाटतं.

सोबत जहांगीर आर्ट गॅलरीत जात जा, तिकीट नाही. एकच चित्र निवडा आणि ‘छान’, ‘भारी’, ‘सुंदर’ हे शब्द न वापरता त्यावर पानभर लिहा. पहिल्यांदा चार ओळींत गाडी अडेल. मग सिब्ली काय म्हणतो ते बोटांना कळेल.

कांट त्यानंतर. त्या ग्रंथाचे पहिले बावीस परिच्छेद पुरे, सौंदर्याचं विश्लेषण तिथेच आहे. उदात्ताचा भाग सध्या सोडून द्या. पाटणकर जाडजूड आहेत, पण परीक्षा झाल्यावर सुट्टीत काढा, पेपरच्या तोंडावर नको.