ऑटोकॅड येतं, तरी कम्युनिटी कॉलेजात ड्राफ्टिंग शिकावं का?

ताई, सिव्हिलचा डिप्लोमा, पुण्यात आर्किटेक्टकडे चार वर्षं ऑटोकॅडवर नकाशे काढायचं काम आणि आता एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, अमेरिकेत ह्यूस्टन. तेव्हा कम्युनिटी कॉलेजातल्या (दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक कॉलेजातल्या) ड्राफ्टिंग अँड डिझाइन टेक्नॉलॉजीला, म्हणजे नकाशे काढण्याच्या अभ्यासक्रमाला, दोन वर्षं द्यावीत का, असं विचारलंत. माझं मत विचाराल तर जरूर जा, पण ऑटोकॅड शिकायला म्हणून जाऊ नका.

आपल्याकडून आलेला माणूस इथे कमांडपाशी अडत नाही. तो अडतो घर कसं उभं राहतं तिथे. आपण आरसीसीचे कॉलम-बीम आणि नऊ इंची भिंत काढत आलो. इथलं साधं घर लाकडी सांगाड्याचं. ज्याला टू-बाय-फोर म्हणतात ती पट्टी प्रत्यक्षात १.५ बाय ३.५ इंच भरते. अशा पट्ट्या साधारण १६ इंचांच्या अंतराने उभ्या, बाहेरून शीदिंग (लाकडी तक्त्यांचं आवरण), आतून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते), मधल्या पोकळीत इन्सुलेशन. हे डोक्यात नसेल तर रेषा कितीही सफाईदार मारा, वॉल सेक्शन (भिंतीचा उभा छेद) लाल शेऱ्यांसकट परत येतो. मापंही फूट-इंचांत. १:५० विसरायचं, पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८. शिवाय वस्तूची दृश्यं कागदावर मांडायची पद्धत वेगळी: आपण फर्स्ट अँगलमध्ये प्लॅन एलिव्हेशनच्या खाली काढायला शिकलो, इथे थर्ड अँगल, प्लॅन वर. मशीन ड्रॉइंगकडे वळलात तर हा फरक जास्त छळतो.

घरांचे नकाशे सोडून दुसरीकडे वळावं का, हे आजूबाजूच्या कामावरून ठरवा. ह्यूस्टनभोवती तेल आणि रसायनांचे कारखाने आहेत, त्यामुळे तिथे पाइपिंग ड्राफ्टिंगला मागणी असते. घरांचे प्लॅन काढणाऱ्याला पाइपिंगचे आयसोमेट्रिक (पाइपांची तिरक्या कोनातून त्रिमितीय दिसणारी चित्रं) रुक्ष वाटतील, पण तो विषय निदान बघून तरी या. आर्किटेक्चरकडेच राहायचं असेल तर रेविट (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) नीट शिकवतात का ते पाहा.

असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, म्हणजे ही दोन वर्षांची पदवी, साधारण ६० क्रेडिटचं असतं. सर्टिफिकेट त्याहून बरंच छोटं. तुमच्यासारखीला मला सर्टिफिकेट पुरेसं वाटतं. डिप्लोमाच्या मार्कशीटचं मूल्यांकन करून घ्या आणि पायाभूत ड्रॉइंगचे कोर्स माफ होतात का, ते विचारा. पुढे इंजिनिअरिंगची डिग्री मनात असेल तर आधीच चौकशी करा. अप्लाइड सायन्सचे सगळे क्रेडिट विद्यापीठं घेतातच असं नाही.

आता व्हिसाचं. एच-४ वर शिकायला आडकाठी नाही, पगारी कामाला आहे. वर्क परमिट मिळतं ते मुख्यतः नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका) मंजूर झाली असेल तर, किंवा सहा वर्षांपलीकडची एच-१बी मुदतवाढ मिळाली असेल तर. म्हणून ज्या कोर्सात पगारी इंटर्नशिप सक्तीची आहे, तिथे नाव घालण्याआधी पर्याय काय ते लेखी विचारून घ्या. ‘बघू पुढे’ असं कोणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका. फी मात्र तुम्हाला स्थानिक रहिवासी धरतात की नाही यावर ठरते आणि दोन्हींतला फरक मोठा असतो. त्यासाठी भाडेकरार, बँकेचे कागद वगैरे आत्तापासून जमवा.

सॉफ्टवेअरवर आत्ताच पैसे घालू नका. प्रवेश झाला की ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि रेविट वर्षभर फुकट देतं, शिक्षण चालू असेतो नूतनीकरणही होतं.

प्रवेशाआधी विभागप्रमुखांना भेटून मागच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांचा शेवटचा ड्रॉइंग सेट दाखवायला सांगा. त्यात नुसते प्लॅन-एलिव्हेशन असतील तर दुसरं कॉलेज बघा. वॉल सेक्शन, पायाचे डिटेल, शेड्यूल (दारं-खिडक्या वगैरेंचे तक्ते) हे सगळं असेल तर फॉर्म भरा.