कुत्र्याला सारखी खाज सुटते, घरच्या घरी स्वस्तात काय करता येईल?

आधी पिसवा आहेत का बघा. शेपटीच्या मुळाशी उवांची फणी फिरवा आणि निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग नुसत्या अंघोळीने भागत नाही. कुत्र्याच्या वजनाप्रमाणे पिसवांचं औषध आणावंच लागतं, अंथरूणही गरम पाण्यात धुवावं लागतं.

पिसवा नसतील तर ओट्स. साधे घ्या, मसाल्याचे नकोत. वाटीभर ओट्स मिक्सरमधून पिठासारखे काढा. चमचाभर पीठ पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ झालं की समजा जमलं. कोमट पाण्याच्या बादलीत ते मिसळून अंगावर हळूहळू ओता, दहा मिनिटांनी धुवा. नंतर बोटांच्या बेचक्यातलं पाणीही टिपा. आमचा मोत्या पावसाळाभर पंजे चाटायचा, ते नीट पुसायला लागल्यावरच कमी झालं.

आपला शाम्पू वापरू नका, त्याने कातडी आणखी कोरडी पडते. टी ट्री ऑइल (त्वचेला लावतात ते एक वनस्पतीचं तेल) कुत्र्यांना विषारी आहे. आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडा असं कुणीतरी सांगेलच (प्रत्येक गल्लीत एक तज्ज्ञ असतो), ते तर अजिबात नको, चाटलं की पोटात जातं.

केस झडून चट्टे पडले, कानाला वास येत असेल किंवा खाजेने झोप उडाली असेल, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, तिथे फी नाममात्र असते. खरूज घरगुती उपायांनी जात नाही.